आल्तिनोच्या चढासाठी महिनेवारी पायलट

मी डिचोलीहून रोज पणजीला येते, आल्तिनोच्या टेकडीवर दोन घरी स्वयंपाक करते. कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, महिन्याचा पास आहे, त्यामुळे बसची चिंता नाही. अडत होतं ते स्टँडपासून पुढे, त्या चढावर. पायलट, म्हणजे आमच्याकडचे मोटरसायकल टॅक्सीवाले, एका खेपेचे ५० रुपये मागायचे. २६ दिवसांचे १,३०० झाले, तेही फक्त जायचे. म्हणून दोन वर्षं पायीच गेले. यंदा गुडघा सुजला तेव्हा विचारायचं धाडस केलं.

पहिल्या दोघांनी परवडत नाही म्हणून सांगितलं. त्यांचं खोटं नव्हतं. पायलट रांगेत नंबर लावून उभे असतात. एकाला वर सोडून आलं की पुन्हा रांगेच्या शेवटी. स्वस्तातलं भाडं त्यांचा नंबर खातं. हे उमजल्यावर मी "कमी करा" म्हणणं सोडलं आणि त्यांच्या फायद्याचं काय ते बघितलं. आमच्याच वाटेवर काम करणारी एक मावशी अर्ध्या तासाने दुसऱ्या बसने येते. तिला सोबत घेतलं. दोघींनी एकदम बसायचं नाही, मागे एकच माणूस. दोन वेगळ्या खेपा, साडेआठच्या आत, ऑफिसची गर्दी सुरू होण्याआधी. पैसे एक तारखेला आगाऊ.

पिवळ्या मडगार्डच्या जुन्या गाडीवर बसलेले एक वयस्कर पायलट सगळं शांतपणे ऐकून घेत होते. म्हणाले, "बाय, म्हयन्याचें करूया." माणशी ७०० ठरले. बाकीच्यांची हरकत येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच रांगेत सांगून टाकलं की या दोघी नंबरातल्या नव्हेत.

एक गोष्ट आधी बोलून घेतली ते बरं झालं: सुट्ट्या. महिन्यात दोन खाडे झाले तर पैसे कापायचे नाहीत, तिसऱ्यापासून कापायचे. ते गाडी घेऊन आले नाहीत तर त्या दिवसाचे पैसे कापायचे. कॅलेंडरच्या पानामागे हे लिहून दोघांनी सह्या केल्या. ते पान माझ्या पासाच्या पाकिटात असतं. पावसात दुसरं हेल्मेट ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणतात, आतून कोरडं असतं.

मागच्या महिन्यात त्यांची गाडी पासिंगला गेली. मला वाटलं, आज चालणं आलं. स्टँडवर उतरले तर दुसराच पायलट हेल्मेट पुढे करून उभा. म्हणाला, "महिन्याची बाय तूंच मगो?"