गॅलरी पाडायची की दुरुस्त करायची? इतवारीतल्या आमच्या जुन्या घराचा अनुभव

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गॅलरीत कूलर लावायला घेतला, नवीन खस भरली, टाकीत पाणी सोडलं आणि अर्ध्या तासात कूलरचा एक पाय टाइलसकट दोन इंच खाली गेला. कूलर वाकडा झाला, पाणी सांडलं, खालून जाणारा एक माणूस ओरडला की वरून माती पडतेय. आम्ही धावत खाली गेलो तर रस्त्यावर लाकडाचा भुसा आणि काळा चुरा. तेव्हाच पोटात गोळा आला, कारण याच गॅलरीत आई (माझ्या सासूबाई) रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात आणि मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते) तर घरचे पाहुणे मिळून वीस-बावीस माणसं इथे उभी असतात.

आमचं घर नागपूरच्या इतवारीतलं, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं, नव्वद वर्षांच्या आसपास झाली असतील. पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला १८ फूट लांब आणि ४ फूट रुंद लाकडी गॅलरी. आतल्या खोलीच्या जमिनीखालच्या सागवानी कड्याच (आडव्या तुळया) भिंतीतून बाहेर आल्यात, अशा १० कड्या, त्यांच्यावर फळ्या, पुढे नक्षीचा कठडा. म्हणजे गॅलरी वेगळी टांगलेली नाही, ती घराच्याच हाडांचा भाग आहे, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं आणि पुढचा सगळा निर्णय त्यावरच ठरला.

पुण्याहून दिरांचा फोन आला, ते म्हणाले वहिनी सरळ पाडून टाका, स्लॅब घाला, कटकट संपेल. त्यांची काळजी खरी होती. एक ठेकेदार बघून गेले, पाच मिनिटांत म्हणाले पूर्ण सडलंय, पाडावं लागेल, आरसीसी गॅलरी २ लाख ४० हजार आणि "जुनं लाकूड आमचं", म्हणजे ते ठेकेदार नेणार. दुसऱ्यांनी लोखंडी फ्रेम आणि वर डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) फळ्या असं १ लाख ४५ हजारांचं कोटेशन दिलं. डब्ल्यूपीसी दिसायला छान असतं, वाळवी लागत नाही, पण त्याच्या फळ्यांना खालून आधार फुटा-सव्वा फुटावर लागतो आणि उन्हात ते खूप तापतं. नागपूरच्या मे महिन्यात पश्चिमेला तोंड असलेल्या गॅलरीत आई अनवाणी पाय ठेवणार कुठे, हा प्रश्न मला लगेच पडला.

"जुनं लाकूड आमचं" हे वाक्य मात्र डोक्यात राहिलं. ओळखीच्या एका म्हाताऱ्या सुतारांना बोलावलं, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, ते आले आणि खालून नुसतं वर बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, हे लाकूड बुढं नाई झालं, पान्यानं कुजलं. काहून पाडता? असा साग आता कुठं भेटते?" त्यांनी सांगितलं की जुना, दाट रेषांचा साग बाजारात चढ्या भावानं जातो, म्हणून पाडण्याच्या कामात लाकूड कोणाचं हे आधी लिहून घ्यायचं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला काय मान आहे ते वेगळं सांगायला नको, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच लाकूड गेलं. पण नुसत्या प्रेमापोटी गॅलरी ठेवायची नव्हती, उद्या कोणी खाली पडलं तर त्या प्रेमाला काय अर्थ. म्हणून आम्ही ठरवलं की कोणाच्याही बोलण्यावर जायचं नाही, आधी उघडून बघायचं.

आधी टाइल्स काढल्या. साधारण तीस वर्षांपूर्वी फळ्यांवर सिमेंटचा थर टाकून टाइल्स बसवल्या होत्या, धुवायला सोपं म्हणून. खरं नुकसान तिथूनच सुरू झालं होतं. टाइलच्या सांध्यातून पाणी आत जायचं पण बाहेर यायला वाट नाही, फळी खालून कोरडी दिसायची आणि वरून ओली राहायची. त्यात त्या एका खिडकीसमोर दरवर्षी मार्चअखेरपासून जूनपर्यंत कूलर. १०० लिटर पाणी म्हणजे नुसतं पाण्याचंच वजन १०० किलो, वर पंप गळतो, जाळीतून थेंब उडतात, म्हणजे पावसाचे चार महिने आणि कूलरचे तीन महिने धरले तर त्या कोपऱ्याला वर्षातले सात महिने पाणीच.

काकाजींनी खडूने कड्यांना डावीकडून १ ते १० नंबर टाकले. मग हातोडीने एकेक वाजवत गेले. चांगली कडी टणटण बोलते, हे मी स्वतः ऐकलं, आणि सातव्या कडीवर आवाज एकदम भद्द झाला, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मग पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) घेतला. तो टोकदार पेचकस त्यांनी तिसऱ्या कडीत जोर लावून खुपसला तर जेमतेम दोन मिलिमीटर गेला, आणि उचकटल्यावर लाकडाचा लांब, चिवट तुकडा निघाला, आतून मधासारखा रंग आणि सागाचा तो तेलकट वास, इतक्या वर्षांनंतरही. आठव्या कडीत तोच पेचकस मुठीपर्यंत गेला. काही आवाज नाही, काही विरोध नाही, बाहेर काढला तर टोकावर तपकिरी पीठ आणि लाकूड छोट्या छोट्या चौकोनी तुकड्यांत तुटत होतं. चांगलं लाकूड रेषेत फाटतं आणि कुजलेलं लाकूड बिस्किटासारखं मोडतं, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी आपल्या घराची पहिली तपासणी कोणालाही करता येते.

पण रस्त्यावर आलेली गॅलरी आहे, नुसत्या सुताराच्या शब्दावर सोडायची नाही असं ह्यांचं म्हणणं, ते बरोबरच होतं. म्हणून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना फी देऊन बोलावलं. त्यांच्याकडे लाकडातली ओल मोजायचं छोटं मशीन होतं, दोन सुया टोचायच्या आणि आकडा बघायचा. चांगल्या कड्यांमध्ये ९ ते ११ टक्के, सातवी आणि नववी भिंतीजवळ १९-२०, आठवी २७. ते म्हणाले लाकूड २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर सडवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही, म्हणजे पाणी थांबवलं तर सडणं थांबेल, नाही थांबवलं तर नवीन लाकूडही सडेल. ही ओल मेमध्ये मोजली होती, पावसाळ्यात आकडा वर गेला असता हेही त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी जे समजावलं त्याने माझं मत पक्कं झालं. गॅलरीच्या कडीचा जीव बाहेरच्या चार फुटात नसतो, तो भिंतीत आणि आत खोलीखाली गेलेल्या भागात असतो. बाहेर ४ फूट असेल तर आत किमान त्याच्या दुप्पट लांबी पक्की धरलेली पाहिजे. फळी सडली तर बदलता येते, कठडा हलला तर बसवता येतो, पण भिंतीतलं टोक गेलं तर ती कडी भरवशाची नाही, वरून कितीही छान दिसू दे. म्हणून त्यांनी भिंतीपाशी प्रत्येक कडीभोवतीचं प्लास्टर फोडायला लावलं, अगदी चांगल्या वाटणाऱ्या सातही कड्यांचं. तिथे कोणीतरी पूर्वी सिमेंट ठासून भरलं होतं, त्यामुळे लाकडाला श्वास घ्यायला जागाच नव्हती. दहापैकी सात कड्या भिंतीत एकदम निरोगी निघाल्या, सातवी आणि नववी एका बाजूने खाल्लेली, आठवी पूर्ण गेलेली. वाळवी पण निघाली, भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या, पण तिने फळ्यांच्या कडेचं पांढरट कच्चं लाकूडच खाल्लं होतं, गाभ्याला फार हात लावला नव्हता.

आम्ही आधीच ठरवलं होतं की पाचपेक्षा जास्त कड्या भिंतीत खराब निघाल्या तर मन घट्ट करून पाडायची. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, इंजिनिअरशी बोलून आमच्या घरापुरता ठरवलेला. तीनच निघाल्या आणि तिन्ही कूलरच्या खाली, म्हणजे रोग सगळीकडे पसरलेला नव्हता. शिवाय नवीन स्लॅब म्हणजे नवीन बांधकाम, त्याला महापालिकेची मंजुरी घ्यावी लागली असती, आणि नव्वद वर्षांच्या विटांच्या भिंतीवर एवढं वजन टाकायचं तर भिंतीचंही काम निघालं असतं. दिरांना व्हिडिओ कॉलवर तो पेचकस दाखवला, तिसऱ्या कडीतला आणि आठव्या कडीतला, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले करा दुरुस्ती.

काम मेच्या शेवटी सुरू केलं, पाऊस यायच्या आत संपवायचं म्हणून. खालून लोखंडी जॅक लावले, पुढे पट्टी बांधून रस्ता अडवला, त्या भागातली खोलीची जमीन उघडली. आठवी कडी पूर्ण काढून नवीन टाकली, सातवी आणि नववीचा सडका भाग तासून त्यांच्या शेजारी पूर्ण लांबीची नवीन जोडकडी बोल्टने आवळली, प्रत्येक १३ फुटांची. भिंतीतल्या टोकांना आता सिमेंट नाही, थोडी हवेची जागा सोडून बाहेरून चुन्याचा गिलावा. १६ फळ्यांपैकी ७ बदलाव्या लागल्या, उरलेल्या ९ उलट्या करून बसवल्या, खालची बाजू वर, आणि ती बाजू इतकी सुंदर निघाली की आई हात फिरवत बसल्या होत्या.

खर्च असा, १० घनफूट साग, ४,५०० रुपये घनफूट म्हणजे ४५ हजार, मजुरी २४ हजार, बोल्ट आणि जॅकचं भाडं ८ हजार, वाळवीचं औषध ४ हजार, तेल, स्क्रू, डांबरी पट्टी वगैरे ५ हजार, एकूण ८६ हजार. इंजिनिअरची फी वेगळी, आणि मला वाटतं सगळ्यात योग्य ठिकाणी गेलेले पैसे तेच. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, म्हणजे न गंजणारे घ्या, साध्या लोखंडाने सागावर काळे डाग पडतात. प्रत्येक कडीच्या डोक्यावर फळी ठोकायच्या आधी डांबरी पट्टी टाकली, कारण पाणी तिथेच साचतं. फळ्या चिकटवल्या नाहीत, दोन फळ्यांत खिळ्याच्या जाडीची फट ठेवली. ऑइल पेंट मी ठामपणे नको म्हटलं, पेंटला भेगा पडल्या की पाणी आत जातं आणि वरून काही कळत नाही, त्यापेक्षा जवसाचं डबल बॉइल्ड तेल दोन हात, दरवर्षी पावसाआधी एक. आणि तेलाच्या चिंध्या काकाजींनी गोळा करून टाकू दिल्या नाहीत, दोरीवर पसरून वाळवल्या, कारण तेलाच्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो. हे माझ्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

कूलर आता बाजूच्या खिडकीला, भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी स्टँडवर, आणि त्याचं पाणी पाइपने थेट नालीत. गॅलरीत कुंड्याही नाहीत, त्या गच्चीवर नेल्या, याबद्दल आई थोड्या नाराज आहेत.

पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री मी टॉर्च घेऊन खोलीत आणि मग खाली जाऊन आठव्या कडीपाशी भिंतीला हात लावून बघितला. कोरडी होती. इंजिनिअरनी सांगितलं होतं की आजच्या नियमात राहत्या घराच्या गॅलरीला चौरस मीटरला ३०० किलो धरतात, पण जुन्या कड्यांना तेवढं अजमावायचं नाही, एका वेळी बारा माणसं पुरे. मारबतीच्या सकाळी मी दारातच उभी राहिले आणि मोजत होते. काळी आणि पिवळी मारबत भेटायची वेळ झाली तेव्हा बाहेर अकरा जण होते, खुर्चीत आई, मागे मोठे बाबा, बाकी पोरं, आणि पुण्याहून आलेले दीर खिडकीत माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, वहिनी, एक जागा आहे ना अजून, तुम्ही जा.