आज दारात आलेल्या उमेदवार ताई

संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये प्रभागातल्या एक उमेदवार प्रचाराला आल्या. वस्तीत राहतात, बारा-तेरा वर्षं चार घरची धुणीभांडी करतात. हातात शाळकरी वही. आमच्या गल्लीत पाणी कोणत्या दिवशी किती वाजता आलं, किती मिनिटं टिकलं, सगळं पेनानं लिहिलेलं. कडा पाण्यानं फुगलेल्या. मला विचारलं, "ताई, तुमच्याकडं तिसऱ्या मजल्यावर चढतं का?"

त्या जिना उतरतात न उतरतात तोच शेजारचे काका म्हणाले, "आता भांडी घासणाऱ्या बायका नगरपालिका चालवणार!" मग दुसरे: साडी बघितली का, बोलणं बघितलं का, नवरा काय करतो, मागे कोण आहे. वहीबद्दल एक शब्द नाही.

गेल्या आठवड्यात याच जिन्यात एक पुरुष उमेदवार आले होते. पूर्वी हातगाडी लावायचे. त्यांच्याबद्दल हेच काका म्हणाले होते, "कष्टातून वर आलाय पोरगा." त्यांची बायको काय करते, हे कुणी विचारलं नाही. त्याचे कष्ट कौतुकाचे आणि हिचे हिणवायचे, हे मला सहन होत नाही.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण मिळालं ते २०११ साली. त्याआधी १९९३ मध्ये लागू झालेल्या घटनादुरुस्त्यांनी एक तृतीयांश. एवढ्या वर्षांनंतरही बाई उभी राहिली की आधी तिचा नवरा शोधतात, आणि गरीब असली तर तिची भाषा तपासतात.

मी काकांना तिथल्या तिथं म्हटलं, "तुमच्या घरी पाणी किती वाजता येतं, सांगा बरं." त्यांना सांगता आलं नाही. ताईंच्या वहीत होतं. मंगळवार, पहाटे पावणेपाच, वीस मिनिटं.