एक अंगात, एक दोरीवर

सोलापुरात कपडे वाळवावे लागत नाहीत, ते वाळतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो, हवेत ओलाव्याचं नाव नसतं. गच्चीवर शेवटचा कपडा दोरीला लावेपर्यंत पहिला निम्मा वाळलेला असतो. या सुखामुळे इथल्या माणसाला कापडाबद्दलचा एक प्रश्न कधी पडतच नाही. नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत ड्रेस बघताना रंग विचारला जातो, पन्हा विचारला जातो, भाव तर दोनदा विचारला जातो. 'हे वाळायला किती वेळ घेतं?' असं मात्र कुणी विचारत नाही. आणि पाठीवर बॅग टाकून आठ-दहा दिवस उन्हाळ्यात फिरायचं असेल, तर खरं म्हणजे तेवढंच विचारायला हवं.

बॅगेचं गणित तीन ड्रेसचं असतं. एक अंगात, एक दोरीवर आणि एक रात्री झोपायला, जो अडीअडचणीला दिवसाही चालेल. चौथा घेतला की तो परत येईपर्यंत घडी न मोडता फिरून येतो आणि खांदे तेवढे दुखवतो. तीनच न्यायचे म्हणजे रोज रात्री एक धुतला जाणार आणि सकाळच्या गाडीच्या आत तो वाळलेला हवा. सोलापुरात तासाभरात वाळला म्हणून घेतलेला ड्रेस गणपतीपुळ्याला किंवा गोकर्णला मे महिन्याच्या दमट हवेत रात्रभर पंख्याखाली टांगला, तरी सकाळी काखेत आणि शिवणींत ओला लागतो. तसाच गुंडाळून बॅगेत कोंबला की दुपारपर्यंत कुबट वास धरतो, आणि तो वास एका धुण्यात जात नाही. हंपी-बदामीला निघालेल्यांनी एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही. तिकडची उन्हाळी हवा आपल्यासारखीच कोरडी.

वाळण्याचा वेळ मुख्यतः कापडाच्या वजनावर ठरतो. टॉवेल-चादरींच्या या गावात जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, हे कुणाला समजावून सांगायला नको, पण तो हिशेब आपण टॉवेलपुरताच ठेवतो. तोच ड्रेसला लावून बघावा. गुडघ्याखाली येणारा, कोपरापर्यंत बाह्यांचा, जरा घेराचा ड्रेस शिवायला 44 इंच पन्ह्याचं तीन मीटर कापड लागतं, म्हणजे साधारण 3.35 चौरस मीटर. मलमल 70 जीएसएमची धरली तर झालं 235 ग्रॅम. 110 जीएसएमचं केंब्रिक घेतलं तर 370 ग्रॅम. 140 जीएसएमचं रेयॉन घेतलं तर 470, म्हणजे मलमलीच्या बरोबर दुप्पट. कटिंगमध्ये थोडं वाया जातं, पण प्रमाण तेच राहतं. शिवाय हाताने पिळलेल्या सुती कपड्यात निदान त्याच्या वजनाइतकं पाणी उरतंच. तेव्हा कापडाचं वजन दुप्पट झालं की रात्रीतून उडवायचं पाणीही दुप्पट होतं.

रेयॉनबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते सुधारण्याची शक्यता कमी आहे. दुकानात ते सगळ्यात गोड दिसतं: सुळसुळीत, गार, अंगावर पडतं छान, छपाई उठून दिसते, किंमतही बेताची. पण सुती धागा भिजल्यावर अधिक बळकट होतो आणि रेयॉनचा भिजल्यावर जवळजवळ निम्मी ताकद गमावतो. ओला, पाण्याने जड झालेला रेयॉनचा ड्रेस हँगरला लावला की स्वतःच्याच वजनाने खांद्यातून ओढला जातो. चार-पाच धुण्यांनंतर खालची कड एका बाजूला लोंबायला लागते आणि टेलरला उगाच बोल लागतो. कुणाकडे आधीच असेल तर तो हँगरला न लावता कमरेपाशी दुमडून दोरीवर टाकावा आणि पिळू नये, दाबावा.

पॉलिएस्टर याच्या अगदी उलट. वजनाला हलकं, चटकन वाळणारं, सुरकुती न धरणारं. मग हरकत काय? 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे घाम अंगावरच राहतो आणि ड्रेस पाठीला चिकटतो. घामातली चरबी मात्र हा धागा घट्ट धरून ठेवतो, म्हणून धुतलेल्या ड्रेसलाही ऊन लागलं की जुना वास परत येतो. दमट किनाऱ्यावर जायचं असेल तर सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचं पातळ कापड ही तडजोड मान्य करण्यासारखी आहे. लिनन उत्तम, पण महाग, आणि सुरकुत्यांचा तिटकारा असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

सुरकुत्यांवर खरा तोडगा म्हणजे ज्या कापडात त्या मुळातच आहेत ते घेणं. सीअरसकर हे असं कापड. त्यात ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, काही पट्टे घट्ट आणि काही सैल ठेवून विणतात, त्यामुळे सैल पट्टे कायमचे चुरगळलेले राहतात. टॉवेल विणणाऱ्याला हे नवं वाटणार नाही. त्याच्याही मागावर ताणा गुंडाळलेल्या रुळांपैकी, म्हणजे बीमांपैकी, एक ताणलेला आणि एक सैल असतो. टॉवेलमध्ये सैल ताण्याचे फासे होतात, सीअरसकरमध्ये फुगवटे. या फुगवट्यांमुळे कापड अंगाला पूर्ण टेकत नाही, मधे हवा राहते आणि इस्त्रीचा प्रश्नच निकालात निघतो. सीअरसकर मिळालं नाही तर मलमलीचा ड्रेस धुऊन, उभा धरून, दोरखंडासारखा पीळ घालायचा, दोन्ही टोकं बांधायची आणि तसाच वाळवायचा. उघडल्यावर बारीक उभ्या चुण्या पडलेल्या असतात आणि त्या मुद्दाम पाडल्यासारख्या दिसतात. फक्त पीळ घातलेला कपडा आतून उशिरा वाळतो, तेव्हा हा उद्योग घरी, आपल्या उन्हात करून निघावं.

दुकानात 'प्युअर कॉटन आहे ताई' हे वाक्य प्रत्येक ठाणाबरोबर फुकट मिळतं. ते तपासता येतं. कापडाच्या काठाचा एक धागा मागून घ्यावा आणि बाहेर येऊन जाळावा. पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख देतो. पण रेयॉनही कागदासारखंच जळतं, कारण तेही मुळात लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोजच. म्हणून दुसरा धागा घेऊन मधोमध जिभेने ओला करायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचा. ओल्या जागीच पटकन तुटला तर रेयॉन. मग कापडाचा कोपरा मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडावा: सुरकुत्या मऊ, गोलसर पडल्या तर चालेल, धारदार घडीसारख्या उमटल्या तर बॅगेतून काढल्यावर तो ड्रेस तसाच दिसणार. नवीन सुती कापडाच्या कडकपणावर मात्र जाऊ नये. ती खळ असते, पहिल्या धुण्यात निघून जाते, आणि जाड वाटलेलं कापड आरपार दिसायला लागतं. तळहात कापडाखाली धरून उजेडात बघावं. बोटं वेगवेगळी मोजता आली तर आत काहीतरी लागणार.

ते 'काहीतरी' म्हणून अस्तर लावू नये. दोन थर एकमेकांत शिवले की मधे हवा फिरत नाही, वरचा थर वाळतो आणि आतला ओलाच राहतो. त्यापेक्षा आत वेगळी सुती स्लिप घालावी. ती वेगळी धुता येते, वेगळी वाळते, आणि घाम तीच टिपत असल्याने वरचा ड्रेस दोन दिवस चालतो.

खरं तर पॅकिंगच्या सगळ्या परीक्षांत पहिल्या नंबरने पास होणारा पोशाख महाराष्ट्रातल्या घराघरात आधीच आहे. पातळ सुती कापड, कुठेही न आवळणारं माप, पुढे चेन, बाजूला खिसा, इस्त्रीची अपेक्षा शून्य: गाऊन. अंगावर ओढणी टाकली की तो भाजीवाल्यापर्यंत जातो, पण प्लॅटफॉर्मवर पोचत नाही. त्याच कापडाला जरा नीट गळा, खांद्याला माप आणि कमरेला दोन कळ्या दिल्या की तोच उत्तम प्रवासी ड्रेस होतो. निदान झोपायचा तिसरा ड्रेस तरी या जातीचा असावा.

आता बॅग. आरशासमोर शोभणारा ड्रेस आठ किलोची बॅग चढवली की वेगळाच वागतो. बॅगेचे पट्टे खांद्यावर जिथे बसतात तिथे बटण, नाडी, भरतकाम किंवा जाड शिवण असेल तर ती दिवसभर हाडावर रुतते. बारीक पट्ट्यांच्या ड्रेसमध्ये तर बॅगेचा पट्टा थेट कातडीवर घासतो. खांदा पूर्ण झाकणारी, किमान कोपराच्या वरपर्यंतची बाही हवी, आणि मुंढा नेहमीपेक्षा अर्धा इंच सैल. हात वर करून सामान काढताना आवळलेला मुंढा काखेत उसवतो. पाठीवर चेन नकोच. बॅगेचा कमरपट्टा बांधला की त्याखालचं कापड चालता चालता वर सरकतं आणि पोटावर त्याची वळकटी होते. कमरेला चुण्या असल्या तर ही वळकटी आणखी जाड. म्हणून कमरेत चुण्या न घालता कळ्यांनी घेर काढलेला ड्रेस बरा.

लांबी पोटरीच्या मध्यापर्यंत, पायाच्या घोट्यापासून निदान चार बोटं वर. रेल्वेच्या संडासात आणि धर्मशाळेच्या ओल्या न्हाणीघरात घोळदार ड्रेस सांभाळणं ही कसरत आहे; एका हातात कड, दुसऱ्यात मग, आणि कडीला हात तिसरा लागतो. घेर 56 ते 60 इंच असावा. त्याहून कमी असला तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर चढताना पाय अडकतो. त्याहून फार जास्त असला तर वारा त्याचा ताबा घेतो आणि वजनही वाढतं. बाजूचे कट ठेवायचे असतील तर आत लेगिंग आलीच. लेगिंग नको असेल तर गुडघ्यावरची सुती सायकलिंग शॉर्ट घालावी, नाहीतर चार-पाच किलोमीटर चालल्यावर मांड्या घासून सोलवटतात आणि सहलीचा पुढचा दिवस पावडर लावण्यात जातो.

खिसा हवाच. 'लेडीज ड्रेसला खिसा कशाला ताई, फुगून दिसतंय की' असं टेलर म्हणणारच, पण ऐकू नये. बाजूच्या शिवणीतला नेहमीचा खिसा बॅगेच्या कमरपट्ट्याखाली दडतो आणि हात जात नाही. तो कमरेच्या पाच-सहा इंच खाली सुरू व्हावा, सात इंच खोल असावा आणि फोन टाकल्यावर ओढ शिवणीवर येऊ नये म्हणून तोंडाला दोन्हीकडे दुहेरी टीप मारलेली असावी. सोलापुरात गणवेश शिवणारे इतके कारखाने आहेत. पोरांच्या हाफपँटच्या खिशाला जी मजबुती मिळते ती मोठ्या बाईच्या ड्रेसला का मिळू नये, हे कोडं आहे.

रंगाबाबत उन्हाळ्यात पांढराच घालावा असा आग्रह असतो. सिनाईच्या वाळवंटातले बेदुइन मात्र काळे झगे घालतात. त्यांच्यावरचा एक अभ्यास 1980 मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो हे खरं, पण सैल झग्याच्या आत हवा फिरून ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचत नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे सैलपणा आधी, रंग नंतर. पांढऱ्यावर चहाचा थेंब दिसतो, गर्द रंगावर वाळलेल्या घामाचे पांढरे कडे दिसतात, राखाडी तर घामाचा नकाशाच काढतो. मध्यम निळ्या किंवा विटकरी रंगावरची बारीक, दाट छपाई दोन्ही झाकते. गर्द रंग असेल तर ओला पांढरा रुमाल दाबून पाहावा. रुमालाला रंग लागला तर तो ड्रेस लॉजच्या बादलीत बाकीचे दोनही रंगवणार.

बॅगेत भरताना ड्रेस उभा तीन पदरी दुमडून कडेकडून गळ्याकडे गुंडाळावा. धुतल्यावर पाणी काढायला कोरड्या टॉवेलमध्ये ड्रेस गुंडाळून वर गुडघ्याने दाबावं, वाळण्याचे दोन तास तरी वाचतात. इथे मात्र गावाचा अभिमान बाजूला ठेवावा लागतो. भौगोलिक मानांकन मिळालेला आपला सोलापुरी टॉवेल पाणी शोषण्यात हार जात नाही, पण 30 बाय 60 इंचाचा, 450 जीएसएमचा टॉवेल कोरडाच अर्ध्या किलोवर जातो, आणि ओला झाला की तोच सगळ्यात शेवटी वाळतो. प्रवासात पंचा न्यावा. चादरीचं तर नावच काढू नये.

कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवावं. सुती कापड 3 ते 5 टक्के आटतं. 45 इंच लांबीवर हे सव्वा ते सव्वादोन इंच होतात, म्हणजे पोटरीचा ड्रेस गुडघ्याकडे निघतो. बाजूंना अर्धा इंच माया ठेवायला सांगावं आणि आतून इंटरलॉक करून घ्यावं, नाहीतर मलमल शिवणीपाशी विसकटते. मुख्य म्हणजे हे सगळं फेब्रुवारीतच उरकावं. मार्चनंतर लग्नसराईचे ब्लाउज आणि मेमध्ये शाळांचे गणवेश सुरू झाले की 'परवा या की' हे उत्तर घेऊन तीन खेपा होतात, आणि शेवटी गाडीच्या आदल्या दिवशी ड्रेस हातात येतो तो बिनखिशाचा.