आमची वाटचाल : डाखापासून लिक्विड कूलिंगपर्यंत

मकरपुऱ्यातल्या आमच्या शेडमध्ये मूळ काम मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करण्याचं. तांब्या-पितळेची जाळी, नवसागर आणि डाख (सोल्डर), यावर बडोद्यात दुकान चालायचं. पुढे गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. त्यांना साधा डाख बसत नाही, फुटली की बदलायची. मग हातातली कला कॉम्प्युटर फिरत्या पाण्याने थंड ठेवायला, म्हणजे लिक्विड कूलिंगला, वापरायची ठरवली.

सुरुवातीला जाळी ॲल्युमिनियमची आणि प्रोसेसरवरचा ब्लॉक (आतून पाणी फिरणारा, उष्णता ओढून घेणारा ठोकळा) तांब्याचा लावला. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम झिजतं. ब्लॉकच्या बारीक खाचांत पांढरा चिखल साचून पाणी अडलं. तेव्हापासून फक्त गाडीच्या हीटरची तांब्या-पितळेची जुनी जाळी.

जाळी आधी पातळ व्हिनेगरने १५ मिनिटं, मग डिस्टिल्ड पाण्याने निवळ येईपर्यंत धुवायची. हीटरच्या जाड नळ्या कापून तिथे ट्यूब जोडायचे पितळी निपल डाखायचे. खरी कसोटी इथे लागते. ६०/४० डाख (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो, त्यामुळे ज्योत जास्त वेळ राहिली तर शेजारचे जुने सांधेही सुटतात. बाकी जाळीवर ओलं फडकं गुंडाळून ज्योत निपलच्या बुडाशी फिरवायची. डाख आपसूक आत ओढला जाऊन कडेला चकचकीत वेढा दिसला की सांधा पक्का. दाणेदार, राखी दिसला तर पुन्हा करायचा. उरलेला नवसागर खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने काढायचा, नाहीतर तो पितळ खातो.

मग अर्धा बार दाबाने हवा भरून जाळी अर्धा तास पाण्यात. एकही बुडबुडा आम्ही चालवून घेत नाही.

पंखा थेट जाळीला चिकटवला तर मधल्या मोटरसमोरच्या भागाला वारा लागत नाही. म्हणून मध्ये २५ मिमी खोल पत्र्याची चौकट ठेवतो.

मे महिन्यात बडोद्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. २०० वॅट उष्णता, मिनिटाला दीड लिटर प्रवाह, तर एका फेरीत पाणी जेमतेम दोन अंश तापतं. म्हणजे प्रवाह वाढवून फारसं काही मिळत नाही; पैसे मोठ्या पंपावर नकोत, मोठ्या जाळीवर घाला.

देण्याआधी मदरबोर्डला वीज न देता नुसता पंप २४ तास चालतो, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून. कागद ओला झाला तर क्लिप आवळण्याआधी ट्यूबचं तोंड सरळ कापलंय का ते बघतो. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.