आगटीजवळ

"घ्या, गार झाला की मजा जाती," म्हणत मावशींनी आगटीतलं कणीस काढून तळहातावर रगडलं, फुंकर मारून कोंडा उडवला. पैठण रस्त्यावरची हुरडा पार्टी. माणशी तिकीट, वर झोके अन् बैलगाडी.

मी सहज विचारलं, "घरी झाला का हुरडा यंदा?"

"आमच्याकडं ज्वारी कुठंय आता? आधी सोयाबीन, मागनं हरभरा. ज्वारी काढायला माणसं मिळंनात. म्हणून तर मी हितं रोजानं."

हात चालूच होते. मला तेवढा चटका सोसत नाही.

चवीला मात्र तोड नाही. हुरड्याची ज्वारी सुरती असो की गूळभेंडी, नुसतीच खावी; लसणाची चटणी उगीच मध्ये येते (घरात हे कुणाला पटत नाही). दाणा हिरवा, कोवळा असतो तोवरच ही चैन. थोड्या दिवसांत भरून टणक होतो, मग भाकरीच.

हरभरा परवडतो म्हणून पेरला, त्यात शेतकऱ्याला नावं कोण ठेवणार? पण ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्यामागं जनावरं. तिथल्या आगटीतल्या गोवऱ्यासुद्धा विकतच्या होत्या.

तुमच्याकडं यंदा घरच्या रानात आगटी पेटली का?