दारांची साइट, नोंद चौथी: बिल्डर सोडला

आधी कबुली देतो. मागच्या नोंदीत मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की वेबसाइट बिल्डर (कोड न लिहिता, ओढून-सोडून पानं बनवायचं साधन) मिळालाय, आता दिवाळीपर्यंत साइट उभी. बिल्डर सोडला. साइट उभी आहे, पण हाताने लिहिलेल्या एचटीएमएलवर, म्हणजे वेबपानं लिहायच्या कोडवर. मधल्या सात आठवड्यांत काय झालं ते सांगतो, कारण इथले निदान तिघे-चौघे याच फाट्यावर उभे आहेत.

नव्यांसाठी: माझा छंद म्हणजे बडोद्याच्या जुन्या भागातली दारं. पोळींची (जुन्या गल्लीवजा वस्त्यांची) फाटकं, वाड्यांचे दरवाजे, कड्या, कोयंडे, गणेशपट्ट्या. रविवारी सकाळी सायकल काढायची, ऊन चढायच्या आत फोटो घ्यायचे. १४२ फोटो झालेत, पानं २३.

बिल्डरने सुरुवात झकास करून दिली, हे नाकारत नाही. एका दुपारी सहा पानं. फोटो ओढला, सोडला, बसला. बायको मागून बघत म्हणाली, "अरे वा, तुझ्याच्याने झालं?" तिथेच मी फुगलो.

मग शीर्षकं मराठीत टाकली. 'दरवाजे' असं लिहिलं आणि पडद्यावर दिसलं द, र, वा, जे, चार सुटे मणी. वरची रेघ प्रत्येक अक्षरानंतर तुटलेली. मला वाटलं फाँट बिघडला. तीन फाँट बदलले, तेच. गंमत म्हणजे बिल्डरमधली हीच थीम, म्हणजे तयार सजावट, माझ्या एका गुजराती मित्राने त्याच्या पतंगांच्या साइटला लावली होती आणि त्याची शीर्षकं देखणी दिसत होती. तासभर डोकं खाजवल्यावर उजेड पडला: गुजराती लिपीला शिरोरेघ नाही! थीम करणाऱ्याने शीर्षकाच्या अक्षरांत थोडं अंतर ठेवलंय. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, गुजरातीत खपून जातं आणि देवनागरीत रेघेचे तुकडे होतात.

ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून पानामागचा कोड पाहिला तर दोषी ओळ समोरच होती, लेटर-स्पेसिंगची. ती शून्य करायची, झालं. पण माझ्या फुकटच्या योजनेत शीर्षकाचं अंतर बदलायची सोयच नव्हती, आणि स्वतःची सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारा कोड, घालायची तर पैसे भरा. रोग सापडलाय, औषध समोर आहे, पण कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे.

त्यात 'कीर्ती मंदिर' या पानावर रफार आणि अनुस्वार वरून छाटले गेले, कारण ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने घट्ट बांधलेली. नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत त्या वास्तूचं नाव असं भादरलेलं बघवेना.

तरीही एवढ्यावर सोडलं नसतं. सोडलं ते पहिल्या पानामुळे.

जुन्या शहराची रचना तुम्हाला माहीत असेल. मधोमध मांडवी ही जुनी वास्तू आणि चार दिशांना चार दरवाजे: उत्तरेला चांपानेर, पूर्वेला पाणीगेट, दक्षिणेला गेंडीगेट, पश्चिमेला लहरीपुरा. माझ्या डोक्यात पहिलं पान तसंच होतं, फुलीच्या आकारात पाच फोटो. कुठल्याही दरवाजावर टिचकी मारा, त्या बाजूच्या पोळींत शिरा. बिल्डरमध्ये लॅपटॉपवर ते सुंदर जमलं. मोबाइलवर उघडलं तर गेंडीगेट मांडवीच्या डोक्यावर चढून बसलेलं, पाणीगेट पडद्याबाहेर. मोबाइलची मांडणी वेगळी ओढून दुरुस्त केली, तर टॅबलेटवर तिसराच तमाशा.

त्या रात्री व्हीएस कोड हा कोड लिहायचा प्रोग्रॅम उघडला. उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की पानाचा सांगाडा तयार मिळतो, तेवढंच मला येत होतं. सांगाड्यात भाषा इंग्रजी लिहिलेली असते. ती बदलून एमआर (mr, म्हणजे मराठी) करायची विसरू नका. ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, त्यांना याच खुणेवरून कळतं की हिंदी वळण नको. आपल्यासारख्या, पाट्यांवर पिढ्यान् पिढ्या हिंदी ल बघत आलेल्यांना हे सुख वेगळंच.

मग भाच्याला फोन लावला. तो महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकतोय, संगणकच. म्हणाला, "मामा, ओढाओढी कशाला करताय? ग्रिडला नकाशाच लिहून द्या ना." नकाशा म्हणजे अक्षरशः नकाशा. सीएसएस ग्रिडमध्ये, म्हणजे पानाचे चौकोन पाडायच्या सोयीत, जागांना नावं देता येतात आणि ती नावं देवनागरीत चालतात, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या फाइलमध्ये आज या तीन ओळी आहेत:

". उत्तर ."
"पश्चिम मांडवी पूर्व"
". दक्षिण ."

टिंब म्हणजे रिकामी जागा. बस. पाच फोटोंना पाच जागा नेमून दिल्या आणि फुली उभी राहिली. मोबाइलसाठी रुंदीची अट घालून तीच नावं एकाखाली एक लिहिली. मी त्या तीन ओळींकडे किती वेळ बघत बसलो विचारू नका. 'दिसेल तसं मांडा' म्हणणाऱ्या बिल्डरमध्ये जे दिसत नव्हतं, ते कोडमध्ये डोळ्यांसमोर होतं. शहराचा नकाशा, टिंबांसकट.

फायद्यांचा पाढा लांबवत नाही. एकच आकडा: बिल्डरचं पान, फोटो सोडून, दीड एमबीच्या वर जात होतं. माझं हाताने लिहिलेलं पान ११ केबी, त्याची सीएसएस ४ केबी. देवनागरीच्या दर अक्षरचिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, तरी हे. फोटो मात्र दोन्हीकडे आपणच आवरायचे असतात. फोनमधून पाच एमबीचा येतो, मी १६०० पिक्सेल रुंदीचा वेबपी (फोटोचा हलका प्रकार) करून ठेवतो, आणि फोटोच्या टॅगमध्ये रुंदी-उंची लिहितो म्हणजे पान भरताना मजकूर उड्या मारत नाही.

आता हाताने लिहिण्याचा प्रसाद. मेन्यूत 'संपर्क' होतं, मला ते सरकारी वाटायला लागलं, म्हणून 'लिहा' करायचं ठरवलं. बिल्डरमध्ये हे एका जागी बदलतं. माझ्याकडे मेन्यू २३ फाइलींत २३ वेळा. सगळ्या फाइलींत शोधा-आणि-बदला चालवलं, दोन सेकंदांत काम झालं, चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी वाडी भागातल्या एका वाड्याच्या पानावर वाचलं: 'हे कुटुंब आजही आमच्या लिहाात आहे.' मध्ये ते तुटक वर्तुळ, अनाथ कान्याचं! 'संपर्कात'मधला 'संपर्क' गेला आणि 'ात' मागे राहिलं. असे सात वाक्यांत हात मोडले होते. त्या कुटुंबातल्या आजोबांनीच फोन करून विचारलं, "हा कुठला नवा शब्द काढलास रे?"

व्हीएस कोडमध्ये मराठी टाइप करतानाही थोडी चिडचिड आहे. 'की' खोडायला गेलं की आधी वेलांटी जाते, 'क' उरतो, आणि कर्सर जोडाक्षराच्या पोटात कुठे उभा आहे ते कळत नाही. सवय होते. पूर्ण होते असं म्हणणार नाही.

माझा पहिला प्रयत्न २००० सालचा, रावपुऱ्यातल्या सायबर कॅफेत, फ्रंटपेजवर. तेव्हाही दिसेल तसंच मांडायचं होतं, आणि मराठी मजकूर नॉन-युनिकोड फाँटात. ज्याच्या संगणकावर तो फाँट नसेल त्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. ज्या फुकट जागेवर ते पान ठेवलं होतं ती पुढे बंद पडली, पान गेलं, माझ्याकडे प्रत नव्हती. म्हणून या खेपेला बिल्डरकडून सगळं बाहेर काढता येतं का ते विचारलं. उत्तर आलं: फोटो काढता येतील, पानं नाहीत. आता साइट म्हणजे माझ्या टेबलावरचं एक फोल्डर आहे. पेनड्राइव्हवर घेतलं की झालं.

पण दांडिया बाजारातल्या मावशीच्या भजनी मंडळाचं पान मी बिल्डरवरच करून दिलंय, आणि ते कोडवर आणायचा विचारही नाही. एकच पान, त्यात मोठ्या अक्षरात वार, वेळ आणि कोणाच्या घरी. थीम निवडताना फक्त शिरोरेघ तपासली. मावशी ७१ वर्षांची आहे. परवा पावसामुळे गुरुवारचं भजन शुक्रवारवर गेलं, तर तिने स्वतः मोबाइलवरून वार बदलला आणि मग मला फोन: "बघ, तुझ्याशिवाय झालं." हे फोल्डरमध्ये असतं तर दर गुरुवारी मला बसावं लागलं असतं. कोणतं साधन चांगलं, असं मला आताशा कोणी विचारलं की मी उलट विचारतो, पुढच्या वर्षी यात बदल कोण करणार? तो माणूस ठरला की बाकीचं पटकन ठरतं.

राहिलेलं काम: मेन्यू एकाच फाइलमध्ये आणायचा. असे तुकडे जोडून पानं तयार करून देणारी साधनं असतात; त्यांतलं भाचा ह्यूगो म्हणतोय, मी अजून इलेव्हंटीकडे झुकतोय. कोणी मराठी साइटला यांतलं काही वापरलं असेल तर सांगा, विशेषतः फाइलींची नावं देवनागरीत ठेवली तर दुवे नीट चालतात का. आणि गेंडीगेटचा फोटो पुन्हा काढायचाय. दोन रविवार गेलो, दोन्ही वेळा समोर भाजीची गाडी. या रविवारी सहाला निघतोय.