तुम्ही विचारलंत म्हणून: शिकाऊ मुलांच्या हाती लोकांच्या वस्तू का देता?

व्यवसाय शिक्षण देणाऱ्या कॉलेजाने आजूबाजूच्या लोकांसाठी नेमकं काय करावं, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तरात दुरुस्ती शिबिराचं, म्हणजे लोकांच्या बिघडलेल्या वस्तू विद्यार्थ्यांनी फुकट दुरुस्त करून देण्याच्या दिवसाचं, नाव घेतलं की लगेच दुसरा प्रश्न येतो: शिकाऊ मुलांच्या हाती लोकांच्या वस्तू देणं धोक्याचं नाही का?

धोका आहे. तरीही द्याव्यात. रॅली, वृक्षारोपण, स्वच्छता मोहीम हे कोणतंही कॉलेज करू शकतं, आणि खुशाल करावं. पण मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), लेथ, शिलाई मशीनची रांग आणि ते शिकवणारा माणूस एका छपराखाली असतो तो फक्त अशा कॉलेजात. लोकांना देण्यासारखं त्याच्याजवळ जे आहे, ते वर्कशॉपच. शिवाय मुलांनाही त्याची गरज असते. प्रॅक्टिकलच्या बोर्डावरचा बिघाड निदेशकांनी, म्हणजे वर्कशॉपमधल्या शिक्षकांनी, स्वतःच करून ठेवलेला असतो. एकच असतो आणि सापडेल असा असतो. लोकांच्या घरून आलेल्या वस्तूत एका वेळी दोन बिघाड असतात आणि तिसरा आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याने करून ठेवलेला असतो.

धोका कमी होतो तो पद्धतीने. ती सांगतो.

महिन्यातून एक दिवस, ४ तास, ८ बाकं. एका बाकावर २ विद्यार्थी आणि ४ बाकांमागे १ निदेशक. याहून ताणू नये. एका वस्तूला ४० मिनिटं धरली तर दर बाकावर ६ प्रमाणे ४८ वस्तू होतात, असं कागदावर दिसतं. टोकन मात्र ३० च काढावीत. शेवटची तपासणी निदेशकांनीच करायची असते. प्रत्येक वस्तूला १० मिनिटं धरली तरी ३० वस्तूंना दोघांचे प्रत्येकी अडीच तास तिथेच जातात. बाकांवर फिरायला दीड तास उरतो. ४८ टोकन काढली की पहिली काट याच तपासणीला लागते, आणि अपघाताची वाट तिथूनच मोकळी होते.

वस्तू घ्यायला पहिल्या वर्षाची मुलं बसवावीत. अनेक ठिकाणी उलट करतात, म्हणजे नवख्यांना स्क्रू उघडायला देतात आणि हुशार मुलाला टेबलावर बसवतात. पण चांगला प्रश्न विचारता येणं हे या धंद्यातलं निम्मं काम आहे, ते आधी शिकलेलं बरं. कधीपासून बंद आहे? बंद पडण्याआधी वास आला, आवाज बदलला? पाण्यात पडली होती? आधी कुणी उघडली होती? मालक जे सांगेल ते जॉब कार्डावर त्याच्याच शब्दांत लिहायचं. ‘गरम होत नाही’ हे लिहावं, ‘एलिमेंट गेला’ हे लिहू नये. ते निदान झालं आणि पुढचा विद्यार्थी डोळे झाकून एलिमेंटच शोधतो. आधीचे ओरखडे, तुटलेला कोपरा, नसलेला स्क्रू हे मालकासमोर लिहून फोटो काढायचा. परत देताना होणारे बहुतेक वाद या एका फोटोवर मिटतात. वस्तू दुरुस्त होईलच असं नाही, आणि ३० दिवसांत नेली नाही तर ती प्रॅक्टिकलला वापरली जाईल, या दोन ओळींखाली मालकाची सही घ्यायची.

काही वस्तू दारातूनच परत करायच्या. मायक्रोवेव्ह घेऊ नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही, गॅसवर चालणारं काहीही, फुगलेली लिथियम बॅटरी, रुग्णासाठी वापरायचं उपकरण, हेही नको. वेल्डिंगच्या बाकावर शिडी आणि लहान मुलांचा झोका नको, कारण तिथला कच्चा जोड दिसायला पक्क्यासारखाच दिसतो. जस्ताचा थर असलेला पाइप आला तर जोडाच्या आसपासचं जस्त आधी काढायचं आणि हवा खेळती ठेवायची. त्या धुराने रात्री ताप भरतो.

आता एक इस्त्री घेऊ, कारण ती प्रत्येक शिबिरात येतेच.

पहिला मोह असतो प्लग लावून बघण्याचा. तो मोडायचा. आधी डोळ्यांनी: प्लग जळका आहे का, वायर कुठे कडक झाली आहे का. वायर बहुतेक वेळा मधे तुटत नाही, इस्त्रीत शिरते तिथल्या रबराजवळ तुटते, कारण तिथेच ती हजारदा वाकते. वरून आवरण शाबूत आणि आत तांब्याच्या तारा तुटलेल्या. मीटर लावून तिथे वायर हलवली की आकडा नाचतो.

मग अर्थिंग. प्लगच्या अर्थ पिनपासून तळपत्र्यापर्यंत रोध मोजायचा. वायरचा स्वतःचा रोध सोडला तर तो ०.१ ओहमच्या आत हवा. साध्या मल्टिमीटरवर विद्यार्थ्याला ०.४ दिसतो आणि तो अर्थिंग खराब म्हणून लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग मीटरच्या वायरींचा असतो. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जे दिसेल ते वजा करायचं. एवढा बारीक रोध मोजायला मल्टिमीटर खरं तर अपुरा आहे. शेवटच्या तपासणीला योग्य मीटर हवाच. तळपत्र्यावर नॉनस्टिक थर असेल तर प्रोब थरावर न ठेवता उघड्या स्क्रूवर ठेवायचा.

पुढे सिरीज लॅम्प, म्हणजे वस्तूला जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब. १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब हवा, एलईडी इथे चालत नाही. मुलांना नियम पाठ असतो: बल्ब पूर्ण पेटला की शॉर्ट, पेटलाच नाही की ओपन, म्हणजे आत कुठेतरी तुटलेलं. मोटरसाठी तो बराच खरा आहे. इस्त्रीसाठी तो फसवतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १००० वॉटच्या इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम, पेटलेल्या बल्बचा सुमारे ५३०. म्हणजे विजेचा बहुतेक सगळा दाब (व्होल्टेज) बल्बवरच पडतो आणि धडधाकट इस्त्रीलाही बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. ‘सर, शॉर्ट आहे’ असं सांगत आलेल्या मुलाला मीटरवर रोध मोजायला लावायचं. ५० ओहमच्या आसपास आला तर एलिमेंट ठीक. आणि मोजताना बटण ‘बंद’वर नाही ना, तेही बघायला लावायचं.

उघडल्यावर सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे थर्मल फ्यूज, इस्त्री फार तापली की उडून वीज तोडणारा. तो उडालेला असतो किंवा, त्याहून वाईट, आधीच कुणीतरी ‘डायरेक्ट’ केलेला असतो. डायरेक्ट केलेली इस्त्री उत्तम चालते. तापमान राखणारा थर्मोस्टॅट चिकटेल त्या दिवशी आग लागते. नवा फ्यूज त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा घ्यायचा आणि तो क्रिंप करून, म्हणजे धातूची नळी पकडीने दाबून, जोडायचा. सोल्डर करायला गेलं की त्या उष्णतेनेच तो उडतो, आणि विद्यार्थी दुकानदाराला नावं ठेवतो. तो का उडाला हेही शोधायचं: थर्मोस्टॅटचे पॉइंट एकमेकांना वितळून चिकटलेत का ते पाहायचं. नाहीतर तीच इस्त्री पुढच्या महिन्यात परत.

इस्त्री पुन्हा स्क्रू लावून बंद केल्यावर मेगर. फेज आणि न्यूट्रल एकत्र करून बॉडीशी, ५०० व्होल्टवर, किमान १ मेगाओहम. अर्थिंग नसलेल्या, दुहेरी इन्सुलेशनच्या वस्तूला २. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असेल तर २५० व्होल्टवर मोजावं. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे: बरेच महिने पडून असलेल्या इस्त्रीच्या एलिमेंटमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल धरते आणि आकडा घसरतो. भंगारात टाकण्याआधी ती कोरड्या उबेत सुकवून पुन्हा मोजावी. सगळं जमलं की ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागच्या (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागच्या) सॉकेटवर चालवून बघायची आणि मगच निदेशकांची सही.

पंख्याचं काम याच्यापुढे सोपं. गुणगुणतो पण फिरत नाही, हाताने ढकलला की फिरतो, तर बहुतेक कॅपॅसिटर. छतावरच्या पंख्यावर २.५ मायक्रोफॅराड लिहिलेलं असतं. मीटरवर २ च्या खाली आला की पंखा सुस्तावतो. हातालाच जड लागत असेल तर बेअरिंग किंवा बुश. शिलाई मशीनला तर अनेकदा काहीच झालेलं नसतं. टाके सुटतात ते सुई उलटी बसवल्यामुळे किंवा बोथट झाल्यामुळे. कापडाच्या खालच्या बाजूला धाग्यांचा गुंता पडतो तेव्हा सगळे बॉबिन काढून बसतात. दोष वरच्या धाग्याच्या ताणात असतो.

मालकाला वस्तू हातात ठेवून पाठवू नये, शेजारी बसवावं. मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये पहिलं रिपेअर कॅफे भरवलं तेव्हापासून त्या चळवळीचा हाच गाभा आहे: दुरुस्ती मालकाबरोबर बसून व्हावी. निदान प्लग तरी त्याच्याकडूनच बसवून घ्यावा. त्यात एक बारकावा प्रत्येकाला कळतो आणि लक्षात राहतो: प्लगच्या आत अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची, म्हणजे वायर हिसकली गेली तर ती सगळ्यांच्या शेवटी सुटते. आणि स्क्रूखाली जाणाऱ्या तारांच्या टोकाला सोल्डर लावायचं नाही. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू ढिला पडतो, प्लग तापतो.

इथपर्यंत वाचून बाजारातले मेकॅनिक म्हणतील, आणि बरोबर म्हणतील, की आमच्या पोटावर पाय. फुकट शिबिराचा हा खरा तोटा आहे आणि कॉलेजं त्याकडे काणाडोळा करतात. उपाय आधीपासून करावा लागतो. मजुरी घ्यायची नाही, पण सुटा भाग मालकाने दुकानातूनच आणायचा. शिबिरात न घेतलेलं काम, मोटरचं वायंडिंग किंवा फ्रिजचा गॅस, त्यांच्याकडे पाठवायचं. नावांची यादी भिंतीवर लावायची आणि क्रम दर महिन्याला फिरवायचा. शिबिर महिन्यातून एकदाच ठेवण्याचं एक कारण हेही आहे. आणि त्यांच्यातल्या एकाला दर वेळी मानधन देऊन बाकांवर फिरायला बोलवायचं. बिघाड ऐकून ओळखणारा कान त्यांच्याकडे असतो, तो अभ्यासक्रमात नाही.

ही देवाणघेवाण नवी नाही. जॉर्ज बर्कबेक ग्लासगोच्या अँडरसन संस्थेत शिकवत होते. उपकरण बनवून घ्यायला ते कारागिरांकडे गेले, तर कारागीरच त्यांना घेरून ते कसं चालतं हे विचारू लागले. त्यातून १८०० साली त्यांनी कारागिरांसाठी मोफत व्याख्यानं सुरू केली आणि पुढे १८२३ मध्ये लंडनची मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज मेकॅनिकला सर्टिफिकेट देण्याआधी त्याला प्रश्न विचारू दिले तरी पुष्कळ.

रजिस्टरचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात आधी सुटतं. तक्रार, सापडलेलं कारण, बदललेला भाग, लागलेला वेळ, निकाल. निकालाचे रकाने तीन: दुरुस्त, दुरुस्त नाही, घेतली नाही, शेवटच्या दोन्हींत कारण लिहिणं सक्तीचं. १५ दिवसांनी मालकाला फोन करून वस्तू चालू आहे का ते विचारायचं आणि तेही लिहायचं. ‘इतक्या वस्तू दुरुस्त’ असा बॅनर लावणारी कॉलेजं हा फोन टाळतात. सहा महिन्यांची पानं चाळली की लोकांसाठी संध्याकाळचा वर्ग घ्यायचा तर त्यात काय शिकवायचं ते आपोआप ठरतं. वायरचेच बिघाड जास्त असतील तर ‘घरगुती वायरिंग’ असला भारदस्त कोर्स नको. १२ माणसं, २ तासांच्या ३ संध्याकाळी, प्लग, वायर आणि मीटर, एवढंच. वेळ ठरवताना घर सांभाळणाऱ्यांना विचारावं, नाहीतर वर्गात फक्त पुरुष दिसतात.

सुरू करायचं असेल तर पहिलं शिबिर कॉलेजातल्याच कर्मचाऱ्यांच्या वस्तूंवर करा. १० टोकन, फक्त इस्त्री, पंखे आणि शिलाई मशीन. मेगरची बॅटरी आदल्या दिवशी तपासा. वर्षाच्या तारखा एकदम जाहीर करा आणि परीक्षेचा महिना त्यातून आधीच वगळा. पंखा खांद्यावर घेऊन आलेल्या माणसाला फाटक बंद दिसलं तर तो पुन्हा येत नाही, आणि चार घरांत सांगतोही.